निळा कॅन

तुम्ही खोटं बोललात, साहेब. मंडप टाकून, माइकवर, सगळ्या डोणगावासमोर बोललात, की या बियाण्याला अळी शिवणार नाही, फवारणीचा पंप भंगारात घाला.

फकीर मोहम्मद हे एरवी मनात म्हणायचा. आज पाठीवरचा पंप उतरवताना मोठ्यानं म्हणाला. ऐकायला घरात फक्त त्याची लेक नाजिश होती, आणि तिला सवड नव्हती. ती समुद्र बनवत होती.

ओट्यावरच्या पिंपात फिल्टरचं पाणी, पाण्यात गरगरणारी छोटी मोटर, आणि तिच्या हातात मिठाची वाटी. पडलेलं मीठ विरघळल्याशिवाय ती पुढचं सोडत नव्हती.

"मीठ तळाशी टाक आन् वरून पानी सोड. एका दमात होऊन जाते."

"पान्यात मीठ, अब्बा. मिठात पानी नाही. उलटं केलं का चुना होऊन तळाशी बसते."

"मंग समुद्राले कोनं शिकवलं?"

ती गालात हसली. दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर तिनं एक थेंब सोडला, खिडकीकडे धरून पाहिलं आणि नळी बापाच्या डोळ्याला लावली. वर निळं, खाली पांढरं, मधे वावराच्या धुऱ्यासारखी सरळ रेघ. ती रेघ योग्य आकड्यावर बसली की खारेपणा बरोबर.

फकीर मोहम्मदनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. बोअरचं कडवट पाणी पिणाऱ्या या गावात त्याच्या पोरीनं तो मोबाइलवर शिकून उभा केला होता. एस.टी.च्या पार्सलनं मीठ मागवलं, काचेच्या दोन टाक्या मेल्या, तिसरी जगवली. समोरच्या खोलीत प्रवाळं जांभळी, हिरवी बोटं हलवत उभी होती. कापूस वेचायला येणारी पुष्पाबाई मुद्दाम वाकडी वाट करून ती बघायला यायची. चिखलीच्या डॉक्टरांनी शब्द दिला होता, की ही टाकी दिवाळीपर्यंत टिकली तर दवाखान्यातली टाकी नाजिशनंच बसवायची.

नेमकी तेव्हाच पिंपाला चीर गेली. पाणी ओट्यावरून अंगणात धावलं.

फकीर मोहम्मद उठला आणि मागच्या पडवीतून निळा कॅन घेऊन आला. "घे. सोड्यानं धुतला, राखेनं घासला, उन्हात वाळवला. वासबी नाही."

"कशाचा हाय?"

"कपाशीच्या औषधाचा होता. आता भांडंच समज. याचा जोडीदार वावरात प्यायच्या पान्याले हाय."

नाजिशनं वाद घातला नाही. त्यात पाणी घेतलं, मीठ घातलं, मोटर सोडली. सकाळी पाणी काचेसारखं निवळलं होतं. नळीतली रेघही जागेवर.

"टाक आता टाकीत."

"नळीले फक्त मीठ दिसते, अब्बा."

तिचा रिवाजच होता. नवं भांडं आलं, की त्यातलं पाणी आधी वाडग्यात घ्यायचं आणि टाकीतला एक झिंगा सोडायचा. शेजारच्या वाडग्यात जुन्या पिंपातलं उरलेलं पाणी, त्यातही एक झिंगा.

"पोरगी पाहाले आल्यावानी करून राह्यली तू," तो चहा फुंकत म्हणाला.

जुन्या पाण्यातला झिंगा मिशा हलवत काठाकाठानं फिरत होता. नव्या पाण्यातला एकदा उसळला, कुशीवर पडला, थोडे पाय मारले आणि थांबला.

नाजिशनं मोटर बंद केली. "टाकी वाचली," ती हळूच म्हणाली.

"वाचली बाप्पा. शाबास."

तेवढं बोलला आणि त्याचा हात कपासकट थांबला. नाजिश त्याच्याकडेच बघत होती. चहा तसाच ठेवून तो चपला न घालता वावराकडे निघाला.

बाया निंबाखाली टेकल्या होत्या. पुष्पाबाईनं दुसऱ्या निळ्या कॅनमधून गिलास भरून घेतला होता.

"पुष्पाबाई, पिऊ नको थे पानी."

"काऊन, भाऊ? साल झालं पिऊन राह्यलो." तिनं गिलास खाली केला. "दुपारी डोकं धरते, मळमळते. ऊन लागलं म्हनून मी तं दोन गिलास जास्तच पेतो."

त्यानं कॅन आडवा केला. काळ्या मातीनं पाणी पिऊन टाकलं, तो बघत राहिला. मग नाजिशला निरोप धाडला, की फिल्टरच्या पाण्याचे दोन माठ पाठव, तुझा समुद्र उद्या बनव. तिनं घरातले तिन्ही माठ पाठवले.

दुपारी तो बियाणं कंपनीच्या कचेरीत साहेबांसमोर उभा होता. मंडपात माइक धरणारे तेच साहेब. त्यानं टेबलावर सकाळचं वाडगं ठेवलं आणि शेजारी निळा कॅन.

"हे काय?"

"झिंगा. समुद्रातला."

साहेब हसले. "डोणगावात कुठला समुद्र?"

"माह्या पोरीनं बनवला. तिनं आधी तपासलं आन् मंग सांगितलं. तुमी न तपासताच सांगितलं." त्यानं खुर्ची ओढली. "फवारनी लागनार नाही म्हनले होते ना तुमी? मंग हा कॅन माह्या वावरात आला कसा? सांगा. मी बसलो हाय."