गळती : एक

"शून्य गळती म्हणजे काय हो बाई? छत गळत नाही म्हणून फलक लावतात का आता?" रंगाऱ्याने शिडीवरून विचारलं.

क्लार्कबाईंनी वर पाहिलं. पाण्याच्या टाकीखालच्या कोपऱ्यात छताला तपकिरी डाग पडला होता आणि खाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होते.

"छत गळतंय ते गळतंयच," त्या म्हणाल्या. "पोरं गळत नाहीत, असं म्हणायचंय सरांना."

"पोरं कशी गळतील?"

"तुम्ही शून्य गोल काढा. बाकीचं सर बघतील."

फलकावर वरच्या ओळीत 'शालान्त परीक्षेचा निकाल शंभर टक्के, सलग चार वर्षे' असं आधीच रंगवून झालं होतं. ते शंभर टक्के कसे होतात हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते त्यांच्याच हातून होत. तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर एकशेबारा मुलं होती. यंदा परीक्षेला बसली एकाहत्तर, आणि एकाहत्तरच्या एकाहत्तर पास झाली. उरलेल्या एक्केचाळीस मुलांच्या आईबापांना नववीच्या अखेरीस एकेक करून हेडसरांनी खोलीत बोलावलं होतं. "पोरगं इथं नापास होईल, जन्माचा शिक्का बसेल. त्यापेक्षा दाखला घ्या, दुसरीकडे घाला." आईबाप सरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत मान हलवत आणि बाहेर येऊन बाईंच्या टेबलापाशी उभे राहत. बाई आपल्या मोत्यासारख्या अक्षरात दाखला लिहीत. शाळा सोडण्याचं कारण: अन्य शाळेत प्रवेश. कुणीही कुठल्याही अन्य शाळेत जात नसे.

हेडसरांना मुलं आवडत नसत, टक्के आवडत. टक्क्यांचं नाक वाहत नाही, टक्के वर्गात ओकत नाहीत, टक्क्यांचे बाप दारू पिऊन भांडायला येत नाहीत. नऊ वर्षांत त्यांनी एक तास घेतला नव्हता. पण सभेत 'माझी मुलं' म्हणताना त्यांचा गळा असा दाटून येई की नवख्या माणसाला रुमाल काढावासा वाटे. बाई नवख्या नव्हत्या. सव्वीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून होत्या, आणि सर बोलायला लागले की त्या टाचण्या मोजत.

त्या दिवशी सकाळी सर टेबलापाशी आले. "बाई, अकराला शिक्षण खात्याचे पाहणीवाले साहेब येताहेत. त्या एक्केचाळीसांच्या पुढं 'प्रवेश घेतलेली शाळा' हा रकाना रिकामा आहे. भरून टाका."

"काय भरू?"

"शाळांची काय टंचाई आहे? थोडी पोरं इकडं घाला, थोडी तिकडं. सगळी एकाच शाळेत घालू नका म्हणजे झालं. संशय येतो."

पोरं काय बटाटे आहेत, पोत्यापोत्यांत भरायला? असं बाईंच्या तोंडावर आलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं."

सव्वीस वर्षांत त्यांनी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच असेल. त्या शब्दाबद्दल त्यांना सरांपेक्षाही जास्त तिटकारा होता.

त्यांनी यादी पुढे ओढली. पहिला मुलगा टायरच्या दुकानात होता. त्याला त्यांनी दूरची एक शाळा दिली. दुसरी लग्न होऊन गेली होती, तिलाही दिली. तिसरा रोज सकाळी बाईंच्याच दारात दूध टाकायचा आणि "बाई, शाळा काय म्हणते?" असं हसून विचारायचा. त्याच्या नावापुढे शाळा लिहिताना पेन थोडं अडखळलं. शाईचा दोष असावा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

साहेब अकराच्या ऐवजी साडेबाराला आले, सरळ हेडसरांच्या खोलीत गेले आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसले. एकाही वर्गाकडे त्यांनी डोकावून पाहिलं नाही. कागद तपासायला आलेल्या माणसाला मुलांचं काय काम?

दोनच्या सुमाराला एक आई आणि तिची मुलगी टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. मुलगीही आता तिथंच जात असावी, कारण दोघींच्याही बोटांची कातडी सारखीच पांढरी पडून सोलली होती. मुलीला बाईंनी लगेच ओळखलं. गणितात तिला एकदा भोपळा मिळाला होता; तेव्हापासून गणिताचे सर तिला भोपळाच म्हणायचे आणि पाठोपाठ सगळा वर्ग.

"बाई, हिला बाहेरून परीक्षेला बसायचंय," आई म्हणाली. "परीक्षा मंडळाच्या खिडकीवर गेलो तर तिथला माणूस म्हणतो, दाखल्यावर दुसऱ्या शाळेत प्रवेश असं लिहिलंय, तर त्या शाळेचं पत्र आणा. आता कुठली शाळा आणि कुठलं पत्र? ही घरातच आहे की दीड वर्ष."

"शेवटची तारीख कधी आहे?"

"आजच. पाचला खिडकी बंद."

"आणि आज उगवलात?"

"आठ दिवस रोज जातेय, बाई. रोज नवीन माणूस असतो. कुणी म्हणतं फोटो आणा, कुणी म्हणतं सही चुकली. दाखला कुणी वाचलाच नव्हता. आज वाचला."

मुलगी बाईंच्या पुढ्यातली यादी उलटी वाचत होती. बाईंनी यादीवर फाइल सरकवली, पण उशीर झाला होता.

"ही माझी शाळा?" मुलीने बोट ठेवून विचारलं. "कुठं आलं हे?"

बाईंना ते गाव कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. सकाळीच त्यांनी ते एका जुन्या कॅलेंडरवरून उचललं होतं.

बाई स्वतः शालान्त परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाल्या होत्या. ही गोष्ट शाळेत कुणालाच माहीत नव्हती. दुसऱ्यांदा नापास झाल्या त्या दिवशी वडील म्हणाले होते, "तिसऱ्यांदा बस. चौथ्यांदा मात्र लोकांना काय सांगायचं ते मला सुचणार नाही." त्या बसल्या, आणि गणितात काठावर का होईना निघाल्या. त्यांच्या वेळी हे हेडसर असते, तर आज त्याही कुठल्यातरी कॅलेंडरवरच्या गावात शिकत असत्या.

त्यांनी कोरा दाखला काढला. नाव, जन्मतारीख, पट क्रमांक. कारण: शिक्षण सोडले. मुलगी वरून वाचत होती.

"मी सोडलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग असं का लिहिताय?"

"कारण 'काढून टाकलं' असा रकाना नाहीये."

शिक्का मारून त्या उठल्या. हेडसरांच्या खोलीत साहेब चहा पीत होते आणि सर त्यांना मागच्या वर्षीचे फोटो दाखवत होते.

"सर, एक सही हवी होती."

"आत्ता? पाहुणे बसलेत, बाई."

"पाचला खिडकी बंद होते."

सरांनी कागद घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे... हे नंतर बघू."

"नंतर म्हणजे पुढच्या वर्षी, सर."

"कोण ही?"

"नववीतली. गणिताचे सर भोपळा म्हणायचे ती."

"हां, भोपळा!" सरांना ओळख पटली. खरं नाव त्यांच्या हातातल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

"बघू," साहेबांनी हात पुढे केला. सरांना कागद लपवावा की द्यावा ते ठरवता येईना, तेवढ्यात साहेबांनी तो ओढून घेतलाच. बाईंना वाटलं, आता झालं. संध्याकाळपर्यंत आपली चौकशी लागेल. एका परीने बरंच होईल. चौकशीत आपण सगळं सांगू, एक्केचाळीस नावं तोंडपाठ आहेत.

साहेबांनी वाचलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "घ्या की ही. गळतीत दाखवा."

"साहेब, आमची गळती शून्य..."

"तेच म्हणतोय. शून्याला वर कुणी विचारत नाही, सर. शून्य दिसलं की म्हणतात, यांनी काही मोजलेलंच नाही. मागच्या महिन्यात चौदा शाळा शून्यवाल्या आल्या, चौदाही परत पाठवल्या. एक ठेवा. एक छान दिसतो. एक म्हणजे मोजलंय."

सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. त्यांनी खिशातलं सोनेरी टोपणाचं पेन काढलं आणि झोकात सही ठोकली. "अपयश लपवायचं नाही, हे माझं तत्त्वच आहे," ते म्हणाले.

"मग उरलेल्या चाळीसांचेही बदलून आणू का?" बाईंनी विचारलं.

साहेब मोठ्याने हसले. "बाई विनोदी आहेत तुमच्या. मी एक म्हटलं, बाई. एक."

बाहेर आल्यावर बाईंना आपण जिंकलो की काय झालं ते कळेना. नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीने त्या आत गेल्या होत्या, आणि त्यांच्या त्या धाडसाचा साहेबांनी शोभेचा गुच्छ करून सरांच्या टेबलावर ठेवला होता. आतलं बोलणं ऐकून रंगारी विचारायला आला होता, शून्याचं काय करू? सरांनी आतूनच सांगितलं, "त्याच्या अलीकडे 'जवळजवळ' टाका."

बाई स्वतः दोघींबरोबर खिडकीवर गेल्या. पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म आत गेला. आईने त्यांचे हात धरले. "तुमचे उपकार..." ती सुरू झाली, तर बाई खेकसल्या, "पहिला दाखलाही मीच लिहिला होता. अक्षर बघितलं नाहीत का?"

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी सरांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात आणखी नऊ दाखले घुसवले. सर कुठलाच कागद वाचत नसत, त्यामुळे सह्या झाल्या. ते दाखले घेऊन त्या घरं शोधत हिंडल्या. चार घरं सापडलीच नाहीत. टायरच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "बाई, आता कशाला?" एका बापाने दार उघडून, शाळेचं नाव ऐकून, परत लावून घेतलं. तिसऱ्या घरातली पोरगी कामाला परगावी गेली होती. दोघांनी कागद घेतले. मंडळाने मागाहून मुदत वाढवली तेव्हा त्यातल्या दूधवाल्याने फॉर्म भरला, आणि पेपरच्या दिवशी सकाळी नेहमीसारखा दूध टाकत होता. बाई दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिल्या. "मामा आजारी आहे, रतीब कोण घालणार?" तो म्हणाला. त्याच्यावर रागावण्याचा आपल्याला काही अधिकार आहे का, याचा विचार करत त्यांनी पातेलं आत नेलं.

वर्षाच्या शेवटी 'विश्वसनीय माहिती'बद्दल शाळेला ढाल मिळाली. सरांनी भाषणात एक बोट वर केलं. "एक मुलगी आमच्या हातून निसटली. एकच! पण आम्ही ती लपवली नाही." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बाई सरांचा हार सांभाळत बसल्या होत्या.

शालान्त परीक्षेचा निकाल लागला. शाळेचा शंभर टक्के लागला, तो लागणारच होता. बाहेरून बसलेल्यांची यादी वेगळी होती. बाईंनी नंबर शोधून काढला. मुलगी पास झाली होती. गणितात सदतीस. हे सदतीस कुठल्याही शाळेच्या निकालात जमा होणार नव्हते, आणि तिच्या नावाची गळती मात्र शाळेच्या कागदावर कायम राहणार होती.

सरांना कुणीतरी सांगितलं तेव्हा ते आनंदाने उठूनच उभे राहिले. "बोलवा तिला! फोटो काढू. 'गळती झालेली मुलगी पुन्हा प्रवाहात.' साहेबांना पाठवू. तुम्ही जा, बाई, तुमचं ऐकेल ती."

बाई गेल्या. धुलाईखाना इस्पितळाच्या मागच्या बाजूला होता, वाफेने भरलेला. मुलगी लांबलचक टेबलापाशी एकटीच चादरींच्या घड्या घालत होती. आई आज दुसऱ्या पाळीला होती.

"सदतीस," बाई म्हणाल्या.

"बघितले." मुलगी हसली. "आई दोनदा नंबर ताडून आली. तरी तिला खरं वाटेना."

"हेडसरांनी बोलावलंय."

"कशाला?"

"फोटो काढायला."

मुलीने चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरलं, दुसरं ओढून घेतलं. "बाकीचे पण येणारेत का?"

"कोण बाकीचे?"

"आमच्या वर्गातले. एवढे सगळे होते की."

यंत्राचं दार उघडलं गेलं आणि चादरींचा नवा ढीग टेबलावर येऊन पडला, ओलसर आणि गरम. मुलीने वरची चादर उचलून झटकली, पण ती मोठी होती, टोक जमिनीला टेकू लागलं.

बाईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि ते टोक पकडलं.

"ताणून धरा, बाई," मुलगी म्हणाली. "आता डावीकडून दुमडा. हां. आता या माझ्याकडे."

बाई चादर घेऊन तिच्याकडे चालत गेल्या. कोपऱ्याला कोपरा लागला. मुलीने घडी त्यांच्या हातून घेतली, थराला लावली आणि पुढची चादर झटकली.