नाव बदललेला रकाना

वृद्धाश्रमासाठी त्याने केलेल्या प्रोग्रॅमची ऐट अशी, की सिस्टरबाईंनी फॉर्ममध्ये हवा तो रकाना जोडावा आणि मागे डेटाबेसमध्ये त्याची जागा कोडने आपोआप तयार करावी. “मला बोलवायची गरजच पडणार नाही,” असं त्याने पहिल्याच बैठकीत छाती फुगवून सांगितलं होतं.

सिस्टरबाईंनी एकच रकाना जोडला, ‘शांत करायला’. कोणी घाबरलं की त्याला काय म्हणायचं, ते त्यात. कोपऱ्यातल्या आजींना ‘धाकटी जेवली’. खिडकीजवळच्या आजोबांना ‘गाडीला कुलूप लावलंय’. चाळीस जणांची अशी वाक्यं त्यांनी चार वर्षं नातेवाइकांना विचारून विचारून जमवली होती. त्यातले कितीतरी नातेवाईक आता उरलेही नव्हते.

सोमवारी त्यांनी रकान्याचं नाव बदललं, कामाला लागलेल्या नव्या मुलींना नीट समजावं म्हणून. आणि सगळा रकाना कोरा झाला.

गुरुवारी तो आला. कोड उघडला आणि चूक लगेच सापडली. नाव बदललं की जुना रकाना उडवायचा आणि नवा करायचा, हे त्यानेच घाईघाईत लिहून ठेवलं होतं. वर रोजच्या बॅकअपमध्ये लोकांनी जोडलेले रकाने घ्यायचेच राहिले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

“माझाच हात कुठेतरी लागला असेल हो,” शेजारी उभ्या सिस्टरबाई म्हणाल्या. “आम्हाला कुठे कळतंय त्यातलं.”

“हं... होतं कधीकधी,” तो म्हणाला आणि नामानिराळा झाला. मन मात्र टोचत राहिलं: आईच्या वयाची बाई, आणि तिच्यावर ढकलून मोकळा झालास, लाज नाही वाटत?

तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडायला लागलं. एक नवी मुलगी धावत दारात आली.

“सिस्टर, सात नंबरच्या आजोबांना काय म्हणायचं असतं?”

सिस्टरबाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. “नाही गं आठवत. मेला माझा हात!”

आता मात्र त्याला राहवेना. “सिस्टर, तुमचा हात नाही लागला. चूक माझी आहे. मघाशी मी खोटं बोललो.”

त्या खुर्चीत बसल्या. “आणि मी चार दिवस खोल्याखोल्यांतून माफी मागत फिरतेय.” त्यांनी आतल्या खोल्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “आता माफी मागायला तुम्ही जा. सात नंबरपासून सुरुवात करा.”

तो गेला. आजोबांनी त्याचा हात घट्ट धरला आणि ओरडणं थांबवून ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. काय म्हणायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.