शेवटची बाटली

मी एक जिवाणू बोलतोय. दचकू नका, ताप आणणाऱ्यांपैकी मी नव्हे. आमचं बिऱ्हाड रोपांच्या मुळांवर असतं. मूळ आम्हाला थोडा गोडवा देतं, आम्ही त्याच्याभोवती कडं करून बसतो. बुरशी चालून आली की मातीतलं लोह आम्ही आधीच ताब्यात घेतो, मग तिची उपासमार होते आणि रोप वाचतं. मुळांच्या वाढीलाही आमचा हातभार लागतो. मी ‘मी’ म्हणतो खरा, पण आमच्यात एकाचे दोन, दोनाचे चार असं चालतं. पहिला कोण आणि आताचा कोण, हे मलाही सांगता यायचं नाही.

माझी ओळख पटली ती दोन बहिणींमुळे. थोरलीची भाजीच्या रोपांची नर्सरी होती. एका हंगामात तिची टोमॅटोची रोपं मान टाकायला लागली. सकाळी टवटवीत दिसायची, संध्याकाळी मातीलगत देठ सडून आडवी. थोरली ट्रेमागून ट्रे उचलून फेकत होती. धाकटी पिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत कामाला होती, ती सुट्टीला आली होती.

“ताई, थांब जरा. हा एवढा ट्रे कसा वाचला?”

“नशीब त्याचं.”

“नशीब नाही गं. याच्या मुळांवर कुणीतरी आहे.”

ते कुणीतरी म्हणजे आम्ही.

धाकटीनं मुळं पिशवीत घालून नेली आणि आम्हाला काचेच्या बशीत वाढवलं. जांभळ्या दिव्याखाली धरल्यावर आम्ही हिरवट चमकलो, तेव्हा ती एकटीच हसली. मग त्याच बशीत तिनं बुरशी सोडली. ती पसरत पसरत आली आणि आमच्यापासून बोटभर लांब थांबली. धाकटीनं तिथूनच फोन लावला. “ताई, तुझे राखणदार सापडले.”

“बरं झालं. माणसं सोडून किडेच पाळ आता तू,” थोरली म्हणाली. पण पुढच्या हंगामात आम्हाला मिसळलेलं पाणी तिनं स्वतःच्या हातानं रोपांना घातलं आणि ट्रेच्या ट्रे उभे राहिलेले बघून दिवसभर गुणगुणत होती.

चार वर्षं धाकटी दर हंगामाला ताजी बाटली घेऊन यायची. तिच्या तिरक्या अक्षरात लेबल असायचं: ‘ताईसाठी. सावलीत ठेव. सहा महिन्यांत संपव.’

पाचव्या वर्षी ती आली ती निम्मी होऊन. जिना चढताना दोनदा बसली. बाटली ओट्यावर ठेवून म्हणाली, “या वेळचे दमदार आहेत.” तीन महिन्यांत ती गेली. प्रयोगशाळेत तिच्या जागी आलेल्या माणसानं फ्रिज रिकामा केला, त्यात आमच्या बशाही गेल्या. उरलो ते आम्ही, बाटलीतले.

हंगाम आला. थोरलीनं बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवली होती. नवरा म्हणाला, “काढ ना ती. तिनं वापरायलाच दिलीय.”

“संपेल ती.”

“संपणारच की.”

“मग तिच्या हातचं माझ्याकडे काय राहील?”

तो दुकानातून बुरशी मारायची पावडर घेऊन आला. रोपांवर तीच पडत राहिली.

आमचे काही लांबचे भाऊबंद जाड कवच करून वर्षानुवर्षं झोपून राहतात. आम्हाला ते जमत नाही. आधी बाटलीतलं खाणं सरलं, मग हवा. कोटींचे लाख झाले, लाखांचे हजार. थोरली कपाट उघडायची, बाटली पुसायची, लेबलवरच्या अक्षरांवरून बोट फिरवायची. तिचं बोट काचेवर आलं की आत थोडी ऊब यायची. ‘सहा महिन्यांत संपव’ हे तिनं शंभरदा वाचलं असेल. अक्षर वाचलं, शब्द वाचले नाहीत. तिच्या मायेनंच आम्ही मरत होतो, पण तिचा राग तरी आम्हाला कसा यावा?

दोन वर्षं अशी गेली. मग रोपं आडवी करणारी ती मर पुन्हा आली, आणि पावडरीला दाद देईना. निम्मी नर्सरी आडवी झाल्यावर थोरलीनं बाटली काढली. लेबल जपून सोलायला गेली, तर ते मधोमध फाटलं. दोन्ही तुकडे तिनं पदराच्या गाठीत बांधले, बाटली झारीत ओतली आणि एका ट्रेवर रिकामी केली. स्टूल ओढून शेजारी बसली. “चल, दाखव बाई आता,” ती म्हणाली.

आम्ही मोजके उरलो होतो. जमेल त्या मुळाला बिलगलो. बुरशी मात्र अफाट होती. सहाव्या दिवशी पहिलं रोप पडलं, दहाव्या दिवशी जवळजवळ सगळा ट्रे.

“नुसतं पाणी होतं,” थोरली नवऱ्याला म्हणाली. “पोर जन्मभर उगाच राबली.”

“असं नको म्हणूस.”

“मग काय म्हणू?”

त्यानं झारी उचलून बाजूला ठेवली. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला तोंड नाही.

ट्रे तिनं भिंतीमागच्या ढिगावर उपडा केला. मी इथेच आहे, एका बारक्या मुळावर. माझं रोप कलंडलंय, पण सडलेलं नाही. हे बघायला थोरली खाली वाकली असती, तर तिला कळलं असतं. वाचणाऱ्या माणसा, तुला कधी ती भेटली, तर एवढं सांग: तिच्या बहिणीचं काम खोटं नव्हतं. बाटलीत पाणी नव्हतं, आम्ही होतो. फक्त उशीर झाला.

पावलं वाजतायत. ती दुसरा ट्रे घेऊन आलीय. आता तो आमच्यावर पडेल.