वाहत्या कानातला बोळा

सन बत्तीसचा उन्हाळा. सोलापूरच्या धर्मार्थ दवाखान्यात डॉक्टर वेणीमाधवांनी आठ दिवसांत एकच गोष्ट तीनदा सांगितली होती आणि मायाक्काने तिन्ही वेळा मान डोलावली होती. तिची चार वर्षांची फुला उजवा कान ओढत रडायची. मग पडदा फुटून पू आला, तशी पोर निवांत झाली. आता कान वाहू दे, कापसाने पुसत जा, आत काही घालू नकोस. सांगून सांगून त्यांचा घसा कोरडा पडला होता.

आज मायाक्का शहराबाहेरच्या मेंढरांच्या तळावरून पुन्हा आली, तेव्हा फुला तापाने फणफणली होती. कानामागे लाल सूज, त्या सुजेने कान पुढे आलेला आणि कानात करंजाच्या तेलात भिजवलेला लोकरीचा गच्च बोळा. वेणीमाधवांचं डोकंच फिरलं. त्यांनी चिमट्याने बोळा ओढला, तसा मागून घाण पू आला.

"पालथ्या घड्यावर पाणी," ते कडाडले. "बाहेर पडायचा पू तू कोंडलास. आता तो हाडात शिरलाय."

मायाक्का खालच्या आवाजात म्हणाली, "सायेब, मेंढराची जखम वाहती ठिवली की माशी बसती. दोन दिसांत आळ्या पडत्यात, कोकरू जातंय. म्हून आमी बोळा घालतो. तुमी वाहू दे म्हनला. माशीचं काय करायचं, ते कुटं सांगितलं?"

मेंढरांचा तळ वेणीमाधवांनी कधी पाहिलाच नव्हता. राग काही उतरला नाही. तो निम्मा स्वतःवर उलटला आणि जास्त झोंबला.

"कानामागचं हाड फोडून पू काढावा लागेल. आजच. उद्या तो मेंदूत जाईल."

"वाचंल न्हवं?"

"आज केलं तर वाचेल. ऐकू येईल की नाही, सांगता येत नाही."

नवरा मेंढरं घेऊन मोहोळकडे गेला होता. त्याला विचारायला वेळ नव्हता. मायाक्काने कागदावर अंगठा उठवला.

फुला वाचली. महिन्याने दवाखान्यात पट्टी सुटली, तेव्हा डाव्या कडेवरच्या लेकीला मायाक्काने उजव्या कानाशी हळूच हाक मारली. पोर खिडकीकडेच बघत राहिली. तिने लेकीला उजव्या कडेवर घेतलं, चांगला कान आपल्या तोंडाशी आणला आणि पुन्हा हाक मारली. फुला हसली.

मायाक्काने चार शिव्या घातल्या असत्या, तर वेणीमाधवांना बरं वाटलं असतं.