प्रलंबित प्रकरणं : शून्य

मृत्यूंची कायदेशीर चौकशी करणाऱ्या कचेऱ्यांची पाहणी करत ती गावोगाव हिंडत होती. तेवीस झाल्या, ही चोविसावी. काम सोपं. प्रश्न विचारायचे, डोळ्यांना दिसेल तोच आकडा लिहायचा. दोनशेच्या वर प्रकरणं तुंबलेली दिसली, की त्या कचेरीला दुसरा डॉक्टर मिळणार होता.

इथली डॉक्टरीण सहा वर्षं एकटीच शवविच्छेदनं उरकत होती. तिने पाहुणीला फाटकातच गाठलं. "आईकडे जाऊन चार वर्षं झाली हो मला. सगळं खरं खरं लिहा, एवढंच मागणं," म्हणाली आणि हातमोजे चढवत आत पळाली.

हेडक्लार्क, कचेरीतले सगळ्यांचे भाऊ, मात्र कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. टेबल लख्ख. पाहणी म्हणजे तपासणी आणि तपासणी म्हणजे आपली मान, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"प्रलंबित प्रकरणं?"

"शून्य! आमच्याकडे आलं की हातावेगळं."

कपाटं खरोखरच रिकामी होती. पाहणीवाली हिरमुसली. बिचाऱ्या डॉक्टरणीची रजा गेली म्हणायची.

शेवटचा प्रश्न शवागाराचा होता, म्हणून दोघं तिथे गेले. "कप्पे किती? भरलेले किती?"

"बारा. बाराही भरलेले." त्या गारठ्यातही भाऊंना घाम फुटला. "उघडू नका ताई, बघवणार नाही तुम्हाला."

"तेवीस ठिकाणी बघवलं," म्हणत तिने सातवा कप्पा ओढला.

आत फायली. सुतळीने बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे. आठव्यात, नवव्यातही तेच. तिला हसू आवरेना. आवाज ऐकून डॉक्टरीण धावत आली आणि पोट धरून हसता हसता तिचे डोळेच भरून आले.

"अहो भाऊ, लपवता काय? ह्यांच्या जिवावरच तर दुसरा डॉक्टर येणार आहे!"

"म्हणजे... जास्त असलेल्या बऱ्या?"

"दोनशेच्या वर हव्यात," पाहणीवालीने सांगितलं.

तिघांनी बसकण मारून मोजल्या. एकशे नव्वद. पुन्हा मोजल्या, तरी तेवढ्याच. भाऊ जमिनीकडेच बघत बसले.

"घरी माळ्यावर एकवीस आहेत," ते हळूच म्हणाले. "रविवारी बसून अहवालांच्या पक्क्या प्रती काढतो. नातेवाइकांना कागद लवकर मिळावा म्हणून. नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला."

"मला दिसल्या तर लिहीन," पाहणीवाली म्हणाली.

सदऱ्याच्या इस्त्रीची पर्वा न करता भाऊ पळत सुटले. फाटकातून मागे वळून ओरडले, "डॉक्टरबाई, आईंना कळवून टाका!"