टाकीच्या तळाशी

पोरगा गेला तरी इद्रिस मिस्तरीच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही म्हणून नंदुरबारच्या मोहल्ल्यात बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत. काही माणसं मयताच्या घरी येतात तीच मुळी दुसऱ्याचे डोळे तपासायला. इद्रिसचं आतलं सगळं बधिर झालं होतं. तासभर मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटत नाही ना, तसं. भाकरी खायचा, चव लागायची नाही. कुणी सलाम केला तर हात आपोआप वर जायचा, एवढंच.

हबीब त्याचा एकुलता एक, बावीस वर्षांचा. प्रकाशा गावाजवळच्या धक्क्यावर भिला पाटलाची मोटारबोट होती, ती चालवायचा. श्रावणातल्या एका संध्याकाळी, दिवसाच्या शेवटच्या खेपेला, तापीच्या ऐन मध्यावर इंजिन बंद पडलं. पाण्याला ओढ होती. बोट वाहत वाहत बुडालेल्या बाभळीला घासली, तेव्हा हबीबनं दोर घेऊन उडी टाकली, बाभळीला गाठ मारली आणि पुढच्याच लोंढ्यात तो गेला. बोटीतली सातही माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी भिलाचा गडी झिपरू यानं बोट धक्क्यावर आणली, टाकी काठोकाठ भरली आणि हँडल मारलं. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन सुरू! झालं, मग काय विचारता! इंजिन चांगलं, म्हणजे पोरगंच चुकलं. पंचनाम्यात लिहिलं, ‘चालकाचा हलगर्जीपणा.’ काठावरच्या लोकांनी त्याला तिखटमीठ लावलं. कुणी म्हणे डुलकी लागली, कुणी म्हणे तेलाचा कॉक उघडायलाच विसरला. ज्यानं सात जणांना वाचवलं त्याच्याबद्दल असं बोलायला जीभ कशी रेटते, देव जाणे.

गुलशनला, हबीबच्या आईला, हे सहन होईना. ती रडायची, भांडायची, पुन्हा रडायची. चाळिसाव्याला सगळी बिरादरी जेवायला येणार. त्याआधी माझ्या पोराची चूक नव्हती एवढं सिद्ध करा, असं तिनं इद्रिसला बजावलं. रोज संध्याकाळी तो घरी आला की तिचा एकच प्रश्न, “इंजिन काय म्हणालं?”

पूर ओसरल्यावर इद्रिस धक्क्यावर जाऊ लागला. तीस वर्षं कापसाच्या जिनातली आणि तेलघाण्यातली इंजिनं दुरुस्त केलेला माणूस तो. हे इंजिन म्हातारं, कुणा संस्थानिकाच्या बोटीतून काढून आणलेलं. महायुद्ध चालू असल्यामुळे नवा पार्ट मिळणं मुश्कील, म्हणून निम्मं इंजिन इद्रिसनंच हातानं घडवलेलं होतं. त्यानं मॅग्नेटो उघडला, ठिणगी निळीशार. प्लग काढला, कोरडा आणि साफ. कार्बोरेटर धुतला, पाण्याचा पंप खोलला. कुठं काही नाही. सुरू केलं की इंजिन तासन् तास चालायचं. चालू इंजिनाचा दोष काढायचा कसा? बंद पडलेलं इंजिन निदान खोटं तरी बोलत नाही.

“चाली ऱ्हायनं ना इंजिन, मिस्तरी,” झिपरू म्हणाला. “आते काय शोधतस?”

भिला पाटील सरळ माणूस, पण त्यालाही बोट पाण्यात हवी होती. तो म्हणाला, “मन्हं इंजिन मरेल नही शे, मिस्तरी. पोऱ्याना डोळा लागना व्हई. जाऊ द्या आते.”

इद्रिसला रागही आला नाही. त्यानं पान्हा उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अडतिसाव्या दिवशी झिपरू नेहमीप्रमाणे डबा घेऊन टाकी भरायला आला आणि इद्रिसनं त्याचा हात धरला. शेवटची खेप! त्या संध्याकाळी टाकीत तळाशीच तेवढं घासलेट उरलेलं असणार. आणि आपण रोज काठोकाठ भरून तपासतोय. इतकी साधी गोष्ट अडतीस दिवस सुचू नये! त्यानं तळाशी चार बोटं तेल राहीपर्यंत टाकी रिकामी केली, बोट खांबाला बांधली आणि हँडल मारलं. वीस मिनिटं इंजिन छान चाललं. मग दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

त्यानं तेलाची नळी सोडली. थेंब, थेंब, बस. कॉक बंद केला आणि एक बिडी ओढली. पुन्हा उघडला तर धार! थोड्या वेळानं परत थेंब. म्हणजे टाकीत काहीतरी तरंगत होतं. तेल कमी झालं की ते भोकावर येऊन चिकटायचं, इंजिन थांबलं की सुटून बाजूला व्हायचं. त्यानं झिपरूला गावात चहाला पाठवलं, टाकी उतरवली आणि पातेल्यात उपडी केली.

घासलेटाबरोबर एक कागद बाहेर आला. चार घड्या घातलेला, हिरव्या रेशमी दोऱ्यानं बांधलेला. दोरा त्यानं लगेच ओळखला. याच दोऱ्यानं गुलशननं ईदला हबीबच्या टोपीवर कशिदा भरला होता.

घरात कुणी आजारी पडलं की ती दर्ग्यावरच्या शाहसाहेबांकडून केशरानं लिहिलेला तावीज आणायची. तो पाण्यात विरघळवायचा आणि आजाऱ्याला पाजायचा. आषाढात हबीब जेवताना म्हणाला होता, “अम्मी, इंजिनाला खोकला झालाय.” तिनं ऐकलं, आणि इंजिनालाही पाजायला दिला.

इद्रिस कागदाकडे बघत बसला. आत काहीच हललं नाही. मग त्यानं कागद खिशात घातला, टाकी धुतली, आणि टाकीच्या तोंडाला पितळेची जाळी कथलाचा डाग देऊन पक्की केली.

भिला आल्यावर तो म्हणाला, “पोऱ्यानी चूक नही, पाटील. वायसर फाटेल व्हता. मन्हा हातनं बसाडेल. चूक मन्ही शे.”

भिलानं डोक्यावरची टोपी काढली.

घरी गुलशननं ताट वाढलं. “इंजिन काय म्हणालं?”

“हबीबची चूक नव्हती. मी बसवलेला वायसर फाटला. पाटलाला सांगितलं. परवा बिरादरीलाही सांगीन.”

तिनं डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं. त्याला वाटलं, आता ही आपल्याला बोलेल. तिनं उलट ताटात आणखी अर्धी भाकरी घातली. मग हळूच म्हणाली, “हबीबचे अब्बा, टाकीत तावीज होता का हो? मी दिला होता त्याला.”

“होता.”

“तरीच सात माणसं वाचली.”

इद्रिस खाली मान घालून जेवत राहिला.

“आता झिपरू चालवणार ना बोट? त्यालाही आई आहे. उद्या दुसरा आणून देते.”

“नको,” तो झटकन म्हणाला. “टाकीला जाळी लावलीय. आता आत काही जात नाही.”

“बिघाड तर वायसरचा होता ना?” गुलशननं विचारलं. “मग टाकीला जाळी कशाला?”

तिनं हात पुढे केला. त्यानं खिशातला कागद काढून तिच्या हातावर ठेवला. घासलेटाचा वास खोलीभर पसरला. तिनं दोरा सोडला, घड्या उघडल्या. केशराचं अक्षर न् अक्षर शाबूत होतं.

“विरघळला नाही,” ती म्हणाली.

“घासलेटात विरघळत नाही.”

“मला बाईला काय ठाऊक!” तिनं कागद मुठीत घेतला. “पण हबीबला तर ठाऊक असेल ना?”

“होतं,” इद्रिस म्हणाला. “टाकीत काडीसुद्धा जाऊ द्यायची नाही, हा मी त्याला शिकवलेला पहिला धडा. पण तू दिला होतास, म्हणून टाकला त्यानं.”

अडतीस दिवसांनी इद्रिस मिस्तरीला रडू आलं, हाततोंड खरकटं असतानाच. गुलशननं ताट बाजूला सारलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कागद अजून तिच्या मुठीत होता.