अकरा माणसांचा पैरा

विंझरच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, तिथली भातलावणी पैऱ्यानं चालते. आज माझ्या खाचरात तुझी दोन माणसं, तर परवा तुझ्या खाचरात माझी दोन. ह्या देवघेवीला वही नाही की सही नाही, सगळी वाडी सगुणाबाईच्या डोक्यात लिहिलेली. कोण चहाच्या वेळेला नेमकं उगवतं, कुणाची कंबर परतफेडीच्या दिवशीच धरते, हे तिला विचारावं. ती स्वतः मात्र लग्न होऊन वाडीत आल्यापासून कुणाचं अर्ध्या दिवसाचंही देणं लागत नव्हती. ही तिची मिरवायची गोष्ट होती, आणि ती मिरवायचीही.

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी भोरची पर्यावरणवाली मंडळी ओढ्यावर बंधारा घालायला आली, तेव्हा सगुणाबाईनं आधी डोकी मोजली. अकरा. त्यांची म्होरकी प्रेरणाताई, शाळेत शिक्षिका. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी भिंत रचायची, एवढंच काम. एका चष्मेवाल्यानं पहिली गोणी इतकी भरली की ती तिघांना हलेना. एका पोरीनं गोण्यांपेक्षा फोटो जास्त काढले. तिचा सगुणाबाईनं अर्धाच दिवस धरला होता, पण दुपारनंतर ती चपला काढून गाळात उतरली, तेव्हा पुरा करून टाकला. संध्याकाळी पाणी गुडघ्याला लागलं.

बंधारा होता सगुणाबाईच्या पावट्याच्या वावराच्या उशाला. म्हणजे देणं आलं तिच्याच अंगावर.

"तुमची लावणी कवा असती?" तिनं प्रेरणाताईला विचारलं.

"माझी कसली लावणी, मावशी? मी भोरात फ्लॅटमध्ये राहते."

"मग काढणी?"

"तीही नाही. आम्ही हे स्वेच्छेनं करतो. परतफेड बिरतफेड काही नको."

सगुणाबाईचा चेहरा उतरला. "नको म्हंजी? आमी काय देवळाबाहेर बसलोय व्हय?"

प्रेरणाताई हसली आणि टेम्पोत बसून गेली. सगुणाबाई मात्र घरी येऊन धनाजीला, म्हणजे आपल्या लेकाला, म्हणाली, "त्यांचा पैरा फिटंस्तवर त्या पाण्याला हात लावायचा न्हाई."

धनाजीला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. आठ दिवस झाले. पावटा ऐन फुलात, आणि फुलं गळून सरीत पडायला लागली. वरच्या अंगाला गच्च पाणी, खाली मातीला भेगा. शेजारच्या ठकुबाईनं तर पहिल्याच दिवशी पाइप टाकला होता. तिनं बांधावरूनच टोमणा मारला, "सगुणे, पाणी काय ती ताई भोरावनं मोजाया येतीया?"

"ती न्हाई येत. म्या हाय की हितं मोजायला," सगुणाबाई म्हणाली. "तू आठ दिस पाणी घेतलंस. रविवारी विळा घिऊन आमच्या टेम्पोत बसायचं."

"कशाला गं?"

"फेडायला."

ज्यानं ज्यानं पाइप टाकला होता, त्याच्या त्याच्या दारात ती जाऊन आली. कुणाची कंबर धरली होती, कुणाचा पाव्हणा येणार होता. "पाव्हण्यालाबी आन," एवढंच ती म्हणायची. रविवारी धनाजीच्या टेम्पोत तिच्यासकट बरोबर अकरा जणी-जण उभे.

नसरापूरवरून टेम्पो भोरात पोचला तेव्हा आठ वाजले होते. प्रेरणाताईनं दार उघडलं ते तोंडात ब्रश धरून. समोर जिन्यात विळे आणि पाट्या घेतलेली अख्खी रांग.

"पैरा फेडाया आलोय," सगुणाबाई म्हणाली. "रान कुठं हाय तुमचं?"

रान म्हणजे गॅलरीतल्या तीन कुंड्या. ठकुबाईनं त्या चहा उकळायच्या आत खुरपून टाकल्या. दोघींनी डबाभर तांदूळ निवडला. त्यात खडाच नव्हता. सगुणाबाई भिंतीला टेकून बसली. आपला पावटा तिला डोळ्यांसमोर दिसत होता. "ह्यो काय दिवस धरता येत न्हाई," ती हळूच म्हणाली. "दुसरं काय बी काम सांग, पोरी. कसलं बी."

प्रेरणाताईनं तिच्याकडं नीट पाहिलं. बंधाऱ्यावर आपण हसलो, हे तिला आता खटकलं.

"नऊला नदीवर घाट साफ करायचाय," ती म्हणाली. "मोबाईलवर साठ जणांनी अंगठे दिलेत. पण येतात चार-पाचच."

"अंगठा दिऊन येत न्हाईत?" सगुणाबाई ताडकन उठली. "आमच्यात अंगठ्यावर जमिनी जात्यात, बाई. चल."

घाटावर साठांतले चारच उभे होते. नीरेच्या काठाला निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, झुडपात अडकलेल्या चिंध्या. वाडीची माणसं लावणीला लागतात तशी एका ओळीत लागली आणि पुढं सरकत गेली. मागं राहिलं की ठकुबाई नावानिशी हाक मारायची, त्यामुळं कुणी मागं राहिलं नाही. पुलावर बघ्यांची गर्दी झाली. सगुणाबाईनं मान वर करून त्यांच्याकडं बोट नाचवत मोजायला सुरुवात केली, तसे सहाजण मुकाट्यानं खाली उतरले. बाराला पायऱ्या पायऱ्यांसारख्या दिसू लागल्या.

सावलीत भाकरी सोडल्या. प्रेरणाताईनं मिसळ आणवली. खाऊन झाल्यावर सगुणाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "तुमी अकरा आलता, आमी अकरा आलो. फिटलं. पर धनाजी निस्ता टेम्पो चालवाया आलता, त्यो बी राबला. म्हंजी एक दिवस तुमच्याकडं राहिला."

"त्यानं स्वेच्छेनं केलं असेल, मावशी."

"स्वेच्छा तुमच्यात. आमच्यात पैरा असतोय."

आता 'नको' म्हणायची सोय प्रेरणाताईला उरली नव्हती. "लावणी कधी असते?" तिनं विचारलं.

"आषाढात सांगावा धाडीन."

"पण मला भात लावता येत नाही."

"ते म्या बंधाऱ्यावरच वळखलं. अर्धा दिवस धरीन. दोन डाव ये."

दिवेलागणीला टेम्पो वाडीत शिरला. धनाजी हातपाय धुवायला निघाला होता, तेवढ्यात मागून हाक आली.

"आधी पाणी सोड."

सरीतून पाणी पावट्याच्या बुडापर्यंत येईस्तोवर सगुणाबाई बांधावर उभी होती. शेजारच्या रानातून ठकुबाईनं विचारलं, "झालं का समाधान?"

"कशाचं समाधान? तुझी कंबर उद्या धरंल," सगुणाबाई म्हणाली, "आन परवा माझ्या कांद्याची खुरपणी हाय. तुझ्याकडं एक दिवस हाय माझा."